दुसऱ्या वर्षीचे मित्र

माझ्या धाकट्या भावाच्या डिस्चार्ज कार्डावर बरंच काही लिहिलेलं होतं. फिटच्या गोळ्या किती वाजता द्यायच्या, टाके कधी काढायचे, फिजिओ, स्पीच थेरपी, कवटीचा काढलेला तुकडा परत बसवायला केव्हा यायचं. मेंदूला सूज आली की दाब कमी करायला कवटीचा तुकडा काढतात, आणि आपल्याकडे तो पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. काही महिने माझा भाऊ स्वतःच्या डोक्याचं हाड पोटात घेऊन वावरत होता. मित्रांबद्दल मात्र त्या कार्डावर एक अक्षर नव्हतं. आज मला वाटतं, गोळ्यांच्या खालोखाल ती ओळ हवी होती.

सुरुवातीला मित्रांची वाण नव्हती. कोल्हापुरात पेठेतल्या पोराला अपघात झाला म्हटल्यावर तालमीची निम्मी पोरं दवाखान्याच्या दारात उभी असतात. रक्त द्यायला रांग, रात्री थांबायला पाळ्या, आईसाठी डबे. आयसीयूच्या बाहेर बसून पोरं डॉक्टरांच्या तोंडचे आकडे पाठ करायची. "ताई, काल सहा होता, आज आठ झालाय." तो ग्लासगो कोमा स्केलचा आकडा. टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही पद्धत मांडली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावरून तीन ते पंधरा गुण. भाऊ पंधरावर पोचला त्या दिवशी पोरांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं, पंधरा म्हणजे पूर्ण. पण तो आकडा शुद्ध मोजतो. चेष्टा कळते का, चार जणांच्या गप्पांत टिकता येतं का, मित्र रागावलाय हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येतं का, यातलं काही त्यात येत नाही.

आजाऱ्याला भेटून यायची आपल्याकडे रीत आहे. शहाळी, सफरचंदं, पलंगाशेजारची खुर्ची, "होईल सगळं, काळजी करू नका." मयताला जायचीही रीत आहे, दहावं आहे, तेरावं आहे. जो वाचला आणि बदलून घरी आला, त्याच्या दुसऱ्या वर्षासाठी मात्र आपल्याकडे कसलीच रीत नाही. एकदा भेटून आलं की माणूस आपल्या परीनं मोकळा होतो. माझ्या भावाचे मित्र वाईट नव्हते, आजही नाहीत. पुढं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

भेटीची जी रीत आहे तिच्यातही एक गोष्ट फार दुखावणारी आहे. "मला ओळखलंस काय? सांग बघू, मी कोण?" पलंगाशी येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारायचा. भाऊ ओळखायचा सगळ्यांना, पण नाव जिभेवर यायला त्याला वेळ लागायचा. तो शब्द शोधत असतानाच पाहुणा आईकडे वळून म्हणायचा, "अजून नाही हो ओळखत." त्याच्यादेखत. पुढंपुढं दारात चपलांचा आवाज आला की तो डोळे मिटून पडून राहायचा. ज्या भेटीत नापासच व्हायचं आहे ती कुणाला हवी असेल? याउलट एक जण खोलीत पाऊल टाकताच म्हणायचा, "भावा, मी रे, शाळेत तुझ्याच बाकावर बसणारा," आणि नाव सांगून मुकाट शेजारी बसायचा. त्याच्याशी भाऊ पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. त्याचा पाय सुधारला, चालायला लागला, डोक्यावर केस आले, व्रण झाकला. बघणारा म्हणायचा, "पहिल्यासारखा झालास की!" आणि कट्ट्यावर घेऊन जायचा. कट्ट्यावरच्या गप्पा कशा असतात ते सगळ्यांना माहीत आहे. तिघं एकदम बोलतात, विषय मधेच उडी मारतो, मागं गाडी रेटली जाते, कोणीतरी मोबाइलवर गाणं लावतं. साबूत मेंदू यातलं नको ते आपोआप बाजूला सारतो. जखमी मेंदूला ते जमत नाही. भावाला गाडीचा आवाज, चहावाल्याची हाक आणि मित्राचं बोलणं सारख्याच जोरानं ऐकू येतं. त्यातून तो आपलं वाक्य जुळवतो, तोवर विषय पुढं गेलेला असतो. सगळ्यांचं हसून संपल्यावर तो हसतो. तासाभरात त्याची डावी पापणी जड व्हायला लागते आणि अंगठा नकळत कानामागच्या व्रणावर फिरायला लागतो. हा थकवा झोप काढून जाणारा नसतो. जी कामं आपला मेंदू आपल्या नकळत उरकतो, ती त्याला एकेक करून मुद्दाम करावी लागतात. ती पापणी खाली आली की घरी निघायचं, हे आम्ही शिकलो. कट्ट्यावरच्या पोरांना ती पापणी दिसत नव्हती. त्यांना दिसायचं ते एवढंच की हा गप्प बसतो आणि मधेच उठून जातो.

मग फोन बंद झाले. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त मैत्र्या इथंच तुटतात असं मला वाटतं. मित्रांचं म्हणणं असायचं, "आम्हीच किती वेळा करायचा? तो एकदाही करत नाही." खरं होतं ते. भाऊ फोन करत नसे. तासन् तास खिडकीशी बसून राहायचा, फोन हाताशी असायचा. मी विचारायची, "आठवण येते का रे त्याची?" तर डोळ्यांत पाणी यायचं. "मग कर की फोन." "करतो." आणि तसाच बसून राहायचा. कपाळामागचा मेंदूचा भाग, ज्याला डॉक्टर फ्रंटल लोब म्हणतात, तो नुसता विचार करत नाही, विचाराला हालचालीत ढकलतो. तिथं मार बसला की इच्छा असते, पण सुरुवात होत नाही. बाहेरून हे हुबेहूब आळसासारखं, नाहीतर तुटकपणासारखं दिसतं. कुणी समोर बसून "लाव आता नंबर" म्हटलं की तो लावतो आणि छान बोलतो. त्याचा फोन न येणं हे दुखणं आहे, हे मी प्रत्येक मित्राला वेगवेगळं सांगितलं. ज्यांना पटलं ते आजही येतात.

काही जण दुखावले जाऊन गेले, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. एका जवळच्या मित्राच्या साखरपुड्यात, मुलीकडची मंडळी समोर बसलेली असताना, भावानं मोठ्यानं सांगून टाकलं की याला याआधी कुठल्या मुलीनं नकार दिला होता आणि का. त्याच्या मनात खोट नव्हती. मनात आलेलं ओठांवर येण्याआधी कुणीतरी थांबवावं लागतं, आणि त्याच्या मेंदूतला तो थांबवणारा अधू झालाय. आधी दोघं-तिघं हसले, मग खोलीत कुणीच बोलेना. तो मित्र नंतर आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही त्या दिवशीचं विसरायला वेळ लागला असता. पण तालमीच्या फुटबॉल संघातला गोलकीपर तिथंच होता. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवून सरळ सांगितलं, "भावा, हे बोलायचं नसतंय. चल, बाहेर जाऊया." ना ओरडला, ना दुर्लक्ष केलं. भावाला असंच हवं असतं. लोक आडून सुचवतात, भुवया उंचावतात, विषय बदलतात. त्या खुणा त्याला वाचता येत नाहीत. साध्या शब्दांत सांगितलेलं त्याला कळतं आणि तो ऐकतोही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी उघड बोलत नाही. आपल्याकडे तरण्या पोरांची मैत्री मोटरसायकलवर आणि संध्याकाळच्या 'बसण्या'वर चालते. फिट येण्याची भीती असलेल्याला गाडी चालवता येत नाही, आणि दारू तर त्याला विषच. म्हणजे जिथं भेटायचं तिथं त्याला जाता येत नाही, आणि पोचलाच तर जे करायचं ते करता येत नाही. मैत्री राहूनही माणूस बाहेर पडतो तो असा. कुणीतरी भेटीची जागा आणि वेळ बदलायला हवी, आणि ती त्याला बदलता येणार नाही.

फिनियस गेजची गोष्ट मेंदूवरच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. अमेरिकेतल्या व्हरमॉण्ट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा हा पंचवीस वर्षांचा मुकादम. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहून ठेवलं की त्याचे मित्र आणि ओळखीचे लोक म्हणायचे, हा आता गेज राहिला नाही. हे वाक्य शिकवलं जातं ते फ्रंटल लोबचं काम समजावं म्हणून. मी ते वाचलं तेव्हा मला दिसले ते मित्र. घडलेल्या बदलाची साक्ष त्यांनी दिली, आणि पुढं त्याच्या गोष्टीत ते कुठं येत नाहीत. गोष्टीचा उरलेला भाग फारसा सांगितला जात नाही. १८५२ मध्ये गेज चिली देशात गेला आणि १८५९ मध्ये परतेपर्यंत तिथं घोडागाडी चालवत होता, कधी कधी सहा घोड्यांची, माणसं-सामानानं भरलेली. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रोज तीच कामं, आणि भोवती अशी माणसं ज्यांनी आधीचा गेज पाहिलाच नव्हता. तिथं 'हा तो राहिला नाही' असं म्हणणारं कुणी नव्हतं. तो पुष्कळ सावरला होता असं आज काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं, कारण आमच्या घरात मी तेच पाहिलं.

फिजिओथेरपीच्या बाकावर भावाला एक निवृत्त शिक्षक भेटले. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेलेला आणि बोलणंही. अर्थ सगळा कळतो, शब्द निघत नाही. ज्यांनी आयुष्यभर वर्गात बोलून पोट भरलं, त्यांना आता 'चहा' म्हणायला अर्धा मिनिट लागतो. गुरुजी "ते... ते..." करत हात हलवायचे, त्यांचा मुलगा घाईनं पाणी, औषध, चष्मा असं एकेक सुचवायचा, आणि गुरुजी चिडून मान फिरवायचे. माझा भाऊ फक्त थांबायचा. त्याला घाई नव्हतीच. शेवटी शब्द यायचा आणि दोघंही हसायचे. आता गुरुजी शनिवारी दुपारी आमच्याकडे येतात आणि दोघं कॅरम खेळतात. गुरुजी डाव्या हातानं. डाव कितीवर आहे हे भावाला आठवत नाही, म्हणून तो वहीत लिहितो. गुरुजींना अंक बोलता येत नाहीत, म्हणून ते त्या वहीवर बोट ठेवतात. एका वेळी एकच जण खेळतो, मधे कुणी बोलत नाही, आणि कुणाला गप्प बसल्याचं दडपण नाही. कॅरमच्या पावडरचा वास आणि सोंगट्यांचा आवाज, याखेरीज त्या खोलीत दुपारभर काही नसतं. गुरुजींना माझा भाऊ तालमीचा सेंटर हाफ होता हे माहीत नाही. भावाला गुरुजी कसं शिकवायचे हे माहीत नाही. दोघांनाही त्याची गरज पडलेली नाही.

याचा अर्थ जुने मित्र सोडून द्यावेत असा कुणी काढू नये. नवा मित्र आजच्या माणसाला घेऊन बसतो, तर जुना मित्र त्याचं गेलेलं आयुष्य सांभाळून असतो. अपघाताच्या आधीच्या कित्येक आठवणी भावाच्या डोक्यात उरलेल्या नाहीत. त्या या पोरांकडे आहेत. ती सांगतात तेव्हा तो लहान मुलासारखा ऐकत राहतो.

"पण त्याला काय आठवतंय? मी येऊन गेलो हेही उद्या विसरणार," असं एकानं मला दारातच विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर आहे. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला इजा झाल्यानं नवी आठवण धरता न येणाऱ्या रुग्णांना त्यांनी दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात रुग्ण काय पाहिलं ते विसरले, पण उदासी उदासीच राहिली आणि आनंद आनंदच. आम्ही घरात हे रोज बघतो. मित्र येऊन गेला की दुसऱ्या दिवशी भाऊ जेवताना दोन घास जास्त खातो, आईशी नीट बोलतो, आणि कोण आलं होतं विचारलं तर कधी सांगता येतं, कधी नाही. भेट वाया जात नाही.

गोलकीपरनं सगळं आपणहून शोधून काढलं. तो एकटा येतो, शक्यतो ठरलेल्या दिवशी, आणि आधी मेसेज टाकतो. "ताई, येऊ काय? थकलाय काय आज?" थकला असेल तर खरंच येत नाही आणि मनात धरत नाही. ग्रुपवरच्या मेसेजांचा पूर भावाला झेपत नाही, म्हणून हा त्याला वेगळा, छोटा व्हॉइस मेसेज पाठवतो. भाऊ तो पुन्हा पुन्हा ऐकतो आणि सावकाश उत्तर देतो. संध्याकाळी दोघं गर्दी व्हायच्या आत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातात. समोर म्हशी उभ्या, ग्लासातच धार काढलेली, वर फेसाचा थर. भाऊ दोन्ही हातांनी ग्लास धरून उभ्यानं पितो, फेस मिशीला लागतो, आणि मित्र काही न बोलता रुमाल पुढं करतो. तिथून रंकाळ्यापर्यंत चालत, आणि घरी. इतकीच भेट. यासाठी त्यानं कुठला कोर्स केला नव्हता. करता मात्र येतो. सिडनीत लीअ‍ॅन टोगर यांच्या गटानं २००४ मध्ये पोलिसांना मेंदूला इजा झालेल्यांशी फोनवर कसं बोलायचं हे शिकवलं आणि तेवढ्यानं दोन्ही बाजूंचं संभाषण सुधारल्याचं दाखवलं. रुग्णाला काही शिकवलेलं नव्हतं. समोरचा नीट बोलला की जखमी माणूसही चांगला बोलतो. ब्रिटनमध्ये अशा माणसांना एकत्र येता यावं म्हणून हेडवे ही संस्था १९७९ पासून आहे. आपल्याकडे हे काम घरातल्या आईनं, बहिणीनं, बायकोनं करायचं असं गृहीत धरलेलं असतं.

आणि असं घर पेठेत एखादंच असेल असं समजू नका. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्याच वर्षी ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांत सगळ्यात जास्त दुचाकीवरची होती. जखमींपैकी ज्यांच्या डोक्याला मार लागला, त्यांतली कित्येक आज कुणाच्या तरी घरात खिडकीशी बसलेली असतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यांत मेंदूची इजा असा वेगळा प्रकार नावानिशी नाही. हातपाय धड असलेल्या या माणसांना दाखवायला ना कुबडी असते, ना पांढरी काठी. मुलींचं तर आणखी अवघड. माहेरच्या मैत्रिणी लग्नानंतरच पांगलेल्या असतात, त्यात डोक्याला मार लागलेल्या सुनेच्या मैत्रिणींना घरी बोलवावं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. फिजिओच्या बाकावर अशी एक मुलगी बसायची. तिची सासू गोळ्या अगदी वेळेवर द्यायची. मी एकदा त्यांना म्हटलं, "हिची शाळेतली एखादी मैत्रीण असेल तर बोलवा की." त्या खूप वेळ माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग सुनेला विचारलं, "हाय का गं कोण?" मुलीनं लगेच नाव सांगितलं. एवढ्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

मी एक कागद लिहून त्याच्या काही प्रती ठेवल्या आहेत. कोणी नवं-जुनं भेटायला येणार असेल तर आधी फोटो काढून पाठवते. एका वेळी एक जण. सकाळी दहा ते बारा. आल्यावर आपलं नाव सांगावं, ओळखीची परीक्षा घेऊ नये. टीव्ही बंद. एक विषय संपला की दुसरा. उत्तरासाठी थांबावं. चुकीचं बोलला तर तिथल्या तिथे, हळू आवाजात सांगावं. पापणी जड झाली की उठावं. आणि फोन तुम्हीच करायचा, कायम. पहिल्यांदा पाठवला तेव्हा लोकांना कसं वाटेल याची मला धास्ती होती. उलट बहुतेकांना हायसं वाटलं. एकानं लिहिलं, "ताई, हे आधी मिळालं असतं तर मी गेलोच नसतो." तो आता महिन्यातून एकदा येतो.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू होईल. अपघातापासून भाऊ तिथं गेलेला नाही. पेठेपेठेची पोरं, हलग्या, शिट्ट्या, आरोळ्या, हे सगळं त्याला झेपणार नाही असं डॉक्टरही म्हणाले आणि मीही. पण त्यानं स्वतःहून विषय काढला, जे तो सहसा करत नाही. गोलकीपरनं मला न विचारता त्याच्याशीच ठरवलं आहे: तालमीचा मोठा सामना नको, दुपारचा कमी गर्दीचा एखादा. फाटकाजवळची जागा, कानात बोळे, बाटलीत पाणी, चालत जायचं आणि रिक्षानं यायचं. हाफटाइमला उठायचं, स्कोअर काहीही असो. भावानं ते वहीत लिहून घेतलंय.